अनंताच्या कुंडीतली माती

आमच्या ग्यालरीत एखादं पान पिवळं पडलं की घरात तीन डॉक्टर उभे राहायचे आणि तिघांची निदानं तीन दिशांना पळायची. माझे बाबा म्हणायचे, मातीत खार आलाय. सासूबाई म्हणायच्या, झाड उपाशी आहे. आणि मी म्हणायचे, दोघंही जरा बाजूला व्हा, मला पान बघू द्या. नवरा शहाणा, तो चहाचा कप घेऊन आत जायचा. एकदाच त्यानं मध्ये तोंड घातलं, ते पुढे येईलच.

आता ग्यालरी शांत असते. कुंड्या आहेत, पानंही अधूनमधून पिवळी पडतात, पण भांडायला कुणी नाही. सासूबाई एकट्याच पाणी घालतात आणि घालताना कुणाला तरी ऐकवल्यासारखं मोठ्यानं बोलतात. मलाही ते महिने आठवतात. तेव्हा डोक्याला ताप वाटायचा, आता वाटतं तेवढी भरलेली ग्यालरी पुन्हा व्हायची नाही.

घणसोली गावातलं आमचं घर पाडून तिथं इमारत उभी राहायची होती, तेव्हाची ही गोष्ट. भावानं बायकोमुलांसाठी गावातच भाड्याची खोली घेतली, पण तिचा जिना शिडीसारखा उभा आणि बाबांच्या गुडघ्यांनी तसल्या जिन्यांशी कधीच काडीमोड घेतलेला. म्हणून इमारत होईपर्यंत बाबा माझ्याकडे जुईनगरला आले. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा, हे आमच्या गावच्या माणसाच्या गळी उतरणं अवघड. पहिले काही दिवस ते सोफ्याच्या कडेवरच बसायचे, जणू पाच मिनिटांत उठून जायचंय. त्यात सासर साताऱ्याकडचं. माझे सासरे बाजारात माथाडी होते, सासूबाई लग्न करून इथं आल्या त्याला जन्म उलटला, तरी बोलणं अजून गावाकडचंच. आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांनी गाल फुगवले होते. ते केव्हाच निवळलं होतं, पण व्याही आणि विहीण एका छताखाली राहायची वेळ कधी आली नव्हती.

बाबांनी येताना कपड्यांची एक पिशवी आणली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं अनंताचं बोटभर रोप. पिशवी त्यांनी जावयाच्या हातात दिली. डबा कुणाच्याही हातात दिला नाही.

तो अनंत माझ्या आईचा. आमच्या अंगणात, मोरीच्या पाण्याला उतार होता तिथं तो उभा होता, माझ्या डोक्याच्या वर गेलेला, पानं अशी काळीभोर हिरवी की तेल लावल्यागत चकाकायची. आईची सगळी ओली कामं त्याच्या बुडाशी चालायची. तिथं एक पसरट दगड होता. त्याच्यावर बसून ती खाडीतली निवट्यांची मासळी साफ करायची, तांदूळ धुवायची, आणि सणाच्या आधी चिंच लावून हंडे-कळश्या घासायची. ते आंबट तांबूस पाणी, मासळीचं पाणी, तांदळाचं धुवण, चिंचेचा चोथा, सगळं अनंताच्या मुळाशी जायचं. आम्ही पोरं नाक दाबायचो. फुलं यायला लागली की मात्र त्याच कोपऱ्यात नाक घालून बसायचो. पहिलं फूल देवाला, दुसरं आईच्या अंबाड्यात आणि तिसरं माझ्या शाळेतल्या बाईंना, ओल्या रुमालात गुंडाळून. मी त्या फुलांच्या जोरावर बाईंची लाडकी झाले होते, अभ्यासाच्या जोरावर नव्हे.

आई जाऊन काही वर्षं झाली होती. घर पाडायचं ठरलं तेव्हा भाऊ म्हणाला, एवढं मोठं झाड मुळासकट निघणार नाही, निघालं तरी जगणार नाही.  बाबांनी अनंताच्या फांद्या छाटून पाण्याच्या बाटलीत ठेवल्या. जेसीबीचं काम उरकल्यावर सिमेंटची रिकामी गोणी घेऊन ते परत तिथं गेले आणि झाड जिथं होतं तिथलीच माती भरून आणली. त्या मातीत फांद्या खोचल्या. एकेक करून सगळ्या वाळल्या, एकच तगली. नव्या इमारतीत आईच्या हातचं काही जाणार असेल तर ते एवढंच होतं. भांडी भावजयीनं आधीच मोडीत घातली होती. हे रोप जगलं तर अनंत घरी परत जाणार, नाही तर गोष्ट संपली. बाबांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी ते ग्यालरीत जायचे, त्यावरून कळायचं.

दिवाळी झाली आणि रोपाची पानं पिवळी पडायला लागली.

आता बाबांचा खार समजायला हवा. आमच्या गावची भातशेती खाडीला लागून होती. भरतीचं पाणी अडवायला बांध, आणि बांध फुटला की खारं पाणी शेतात. मग भात पिवळं पडायचं. त्यावर इलाज एकच, गोड्या पाण्यानं शेत भरायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं, खार धुऊन निघेपर्यंत. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा बाबा तरुण होते. नंतर त्यांनी जन्मभर कारखान्यात नोकरी केली, पण पिवळं पान दिसलं की त्यांचं मन बांधावर जाऊन उभं राहायचं. निदानाची पद्धतही तिथलीच. चिमूटभर माती घ्यायची, जिभेच्या टोकावर ठेवायची, डोळे मिटायचे आणि थुंकायची. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर हात धुण्यात जन्म गेला. ते बघितलं की मी आतूनच ओरडायचे.

"बाबा, जंत होतील!"

"आमाला नाय झालं कदी," बाबा म्हणायचे. "खारट हाय बाय. गोडं पानी पाहिजे."

आणि डबा नळाखाली जायचा. बुडाच्या भोकांतून पाणी वाहून वाहून स्वच्छ यायला लागलं की बाबांचं समाधान व्हायचं.

सासूबाईंना हे बघवत नसे. त्यांच्या मते जगातली निम्मी दुखणी पोट न भरल्यानं होतात, माणसांची काय आणि झाडांची काय.

"इवाई, निस्तं पानी पाजून कुनाचं प्वाट भरलंय का?" त्या दारातूनच म्हणायच्या. "त्याला राख घाला, खत घाला. उपाशी हाय ते."

राख आणायची कुठून? सासूबाईंनी तोही मार्ग काढला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोळशाची इस्त्री चालवणारा बसतो, त्याच्याकडून त्या डबा भरून राख आणायच्या. बाबा दुपारी आडवे झाले की कुंडीत राख पडायची. बाबा उठले की ती धुतली जायची. संध्याकाळी पुन्हा पडायची. दोघंही एकमेकांना ताकास तूर लागू देत नव्हते आणि दोघांनाही सगळं ठाऊक होतं.

गंमत अशी, की दोघांनाही हट्टाला पुरेसं कारण होतं. प्रत्येकाचं निदान एकेकदा खरं ठरलेलं. सासूबाईंनी दह्याच्या कपांमध्ये मिरचीची रोपं केली होती. ती खालून फिकी पडत गेली, बुडाची पानं सगळीच्या सगळी पिवळी, शेंडा तेवढा हिरवा. सासूबाईंनी शेण पाण्यात कालवून ते पाणी घातलं, घरभर वास सुटला आणि रोपं तरारली. यशानं त्या अशा फुगल्या की हातात येईल ते खत त्यांनी गुलाबाला घातलं. गुलाबाच्या पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरी साय धरली. तेव्हा बाबांनी माती चाखली, कुंडी दोन दिवस पाण्यानं धुतली आणि गुलाब वाचवला. तेव्हापासून दोघंही एकमेकांकडे जिंकलेल्या पैलवानासारखे बघत होते.

माझाही एक विजय होता, उगीच लाजायचं कशाला. जास्वंदाची खालची पानं शिरांच्या मधे पिवळी पडली होती. मी औषधाच्या दुकानातून मॅग्नेशियम सल्फेट आणलं, चिमूटभर पाण्यात घातलं आणि जास्वंद सुधारला. दोघांनीही माझं कौतुक केलं नाही.

अनंतावरून मात्र मला हसू येईनासं झालं. रोप रोज थोडं उतरत होतं आणि बाबाही त्याच्याबरोबर उतरत होते. जेवण अर्धं टाकायचे. गावाकडून कुणाचा फोन आला तर इमारत कुठवर आली हे विचारायचे नाहीत, मातीचं पाणी कसं निचरतंय ते सांगायचे.

एका रविवारी मी दोघांनाही आत बसवलं आणि रोपासमोर स्टूल टाकलं. लॅबमध्ये माणूस समोर आला की मी आधी कागद बघत नाही, खालची पापणी ओढून बघते. तसंच करायचं ठरवलं. झाडाच्या बाबतीत पिवळेपणा कुठून सुरू झाला ते आधी बघायचं असतं, खालून की वरून. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं, घरातल्या बायका आपल्या ताटातलं पोरांच्या ताटात सरकवतात तसं. म्हणून खालची पानं फिकटतात. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त तिथं शिरा हिरव्या राहतात. लोह मात्र एका पानाला दिलं की दिलं, झाडाला ते परत काढून घेता येत नाही. ते कमी पडलं तर उपाशी राहतं ते शेंड्याचं, नवं पान. मी अनंताचं रोप वळवून वळवून बघितलं. खालची दोन जुनी पानं हिरवीगार होती. वरची सगळी पिवळी, आणि त्या पिवळ्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, कुणी टोकदार पेनानं काढल्यासारखी.

"लोह कमी आहे," मी आत येऊन जाहीर केलं. "त्याला ॲनिमिया झालाय."

"झाडाला?" सासूबाईंनी डोळे वर केले. "मंग आता त्याला बीट खायला घाल."

इथंच माझ्या नवऱ्यानं तोंड घातलं. लोखंड हवं तर त्यात काय, म्हणून त्यानं टूलबॉक्समधले गंजलेले खिळे काढले आणि कुंडीत खोचले. रोप कुंपणात अडकल्यासारखं दिसायला लागलं. काही उपयोग झाला नाही. खिळ्यातलं लोखंड असं पानात चढत नाही, हे त्याला समजावता समजावता मी हात टेकले.

मी नर्सरीतून झाडांना देतात ते लोहाचं औषध आणलं, पाण्यात विरघळवून पानांवर फवारलं, मुळाशीही घातलं. आठवडाभरात दोन पानं हिरवी झाली. बाबांनी त्या दिवशी दोन वेळा भात मागून घेतला. सासूबाईंनी राखेचा डबा उचलून मोरीत ठेवला. मी तर अशी ऐटीत होते की लॅबमधल्या पोरींनाही ती गोष्ट ऐकवली.

पुढचं पान आलं ते पुन्हा पिवळं. त्याच्यापुढचं तर पांढुरकंच.

माझा तोल गेला. निदान बरोबर, औषध बरोबर, मग घोडं कुठं पेंड खातंय? तेव्हा लॅबमधलंच एक आठवलं. काही बायका महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेतात आणि रक्त जिथल्या तिथं. अशा वेळी आमचे डॉक्टर गोळी बदलत नाहीत. आधी विचारतात, गोळीवर लगेच चहा पिता का? म्हणजे गोळी पोटात जाते, पण अंगाला लागत नाही. अनंताचंही तसंच असणार. लोह मातीत होतं, मी वरून घालत होते, पण काहीतरी त्याला मुळापर्यंत पोचू देत नव्हतं. आणि ते काहीतरी मातीतच होतं.

सासूबाईंच्या राखेनं भर घातली हे नक्की. राखेनं माती आणखी चुनखडीसारखी होते, आणि अनंताला तर आंबट माती लागते, तरच त्याला लोह उचलता येतं. नळाच्या पाण्यानं धुऊन धुऊन होतं नव्हतं ते बळही गेलं असणार. पण डब्यातली माती मी काडीनं उकरली तेव्हा खरं कारण दिसायला लागलं. माती कसली, त्यात सिमेंटचे खडे होते आणि गिलाव्याचे तुकडे. घर पाडल्यावर जेसीबीनं भिंतींचा चुरा अंगणात कालवला होता आणि बाबांनी तोच भरून आणला होता.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी सांगितलं, "बाबा, माती बदलावी लागेल. सगळी. मुळं धुऊन नव्या मातीत लावायला हवं."

बाबांचा घास हातातच राहिला. "माती नाय बदलायची."

"त्या मातीनंच ते मरतंय."

"तुजी आई जल्मभर बसली त्या मातीवर."

"आई मातीवर बसली, भिंतीच्या चुऱ्यावर नाही बसली! झाड पाहिजे की माती पाहिजे, ते ठरवा."

सासूबाईंनी मला डोळ्यांनीच दटावलं. बाबा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, सासूबाईंशीही नाही. नळाखाली डबाही धरला नाही. ग्यालरीत खुर्ची टाकून नुसते बसून होते. मी कामावर गेले पण लक्ष लागेना. माझं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचा काडीइतका आनंद नव्हता. त्यांच्याकडे त्या घरातलं दुसरं होतं तरी काय? एक रोप आणि एक डबा माती. त्यातलं एक फेकून द्या, असं मी त्यांना सांगितलं होतं.

त्यानंतरच्या सकाळी मी चहा टाकत होते. बाबांनी हाक मारली, "बाय, जुना पेपर दे."

मी पेपर पसरला. बाबा गुडघे धरत खाली बसले, त्यांनी डबा आडवा केला, बुडावर थापट्या मारल्या आणि रोप मातीच्या ढेपेसकट बाहेर काढलं. ढेप फोडताना खिळे निघाले, सिमेंटचे गोळे निघाले. आणि मग निघाले निळे पोपडे. नखाएवढे, काही रुपयाएवढे, एका बाजूनं पांढरे आणि दुसऱ्या बाजूनं फिकट निळे.

मी बघतच राहिले. आमच्या घराच्या भिंती निळसर होत्या. दरवर्षी सणासुदीच्या आधी आई चुन्यात नीळ कालवायची, पदर खोचायची आणि काथ्याच्या कुंच्यानं सगळ्या भिंती स्वतः रंगवायची. कुणाला हात लावू द्यायची नाही, आमचे ओघळ पडतात म्हणून. तिच्या केसांत, भुवयांत, पायांच्या बोटांत निळे ठिपके, आणि आम्ही तिला हसायचो. एकावर एक, वर्षावर वर्ष चढलेले ते थर होते. मी एक पोपडा उचलला आणि मला रडू आलं, लपवायचं कशाला.

बाबांनीही एक उचलला. अंगठ्यानं पुसला. मग खालची माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली. या वेळी मी जंतांचं काही बोलले नाही.

"खार नाय," ते म्हणाले. "चुना हाय. तुज्या आईचा चुना."

 तिच्याच हातचा चुना तिच्याच अनंताला जगू देत नव्हता. भिंतीवर होता तोवर काही बिघडलं नव्हतं, आणि झाडाच्या मुळाशी ती रोज आंबट पाणी ओतत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला फक्त मोरीपर्यंत जायचा कंटाळा होता.

"चिंचेचा पानी घालायची ना गो ती," बाबा स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते मी लहानपणी भातलावणीच्या गोष्टींत ऐकलं होतं, बघितलं कधीच नव्हतं. लावणीला राबातलं, म्हणजे बी पेरलेल्या वाफ्यातलं, रोप उपटतात तेव्हा मुळांची माती झाडून टाकतात. मुठीत रोपं धरून मुळं पायावर आपटायची, चिखल गळून पडतो, आणि उघड्या मुळांची ती मूठ दुसऱ्या शेतात जाते. बाबांनी अनंताचं एवढंसं रोप दोन बोटांत धरलं, पाऊल पुढे केलं आणि मुळं टाचेवर हलकेच आपटली. एकदा, पुन्हा एकदा. माती पेपरवर पडत गेली. इतक्या वर्षांत हात ते विसरला नव्हता.

"राबाची माती रोपासंगं कोन नेतंय?" ते म्हणाले.  "पानी दे गोडं."

मी पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांनी मुळं बुडवून धुतली, पांढरी होईपर्यंत. नर्सरीतली लाल माती आणि पालापाचोळ्याचं खत मी आधीच आणून ठेवलं होतं, ते त्यांनी न विचारता पुढे ओढलं. रोप लावून झालं. मी किंचित चिंच कोळून, भरपूर पाण्यात पातळ करून आणली. ती त्यांनीच घातली.

राहिली पेपरवरची माती. बाबा तिच्याकडे बघत बसले होते. कचऱ्याच्या डब्यात टाकायला माझा हात धजेना आणि ठेवून घ्या म्हणायला तोंड. घंटागाडी खाली येऊन उभी होती, तिचं गाणं वाजत होतं.

सासूबाई कधी येऊन दारात उभ्या राहिल्या, आम्हाला कळलं नाही. त्यांच्या हातात त्यांचा सीताफळाचा डबा होता. खाल्लेल्या सीताफळाच्या बिया त्यांनी कधीतरी खोचल्या होत्या, त्यातलं एक रोप वीतभर झालं होतं.

"इवाई," त्या म्हणाल्या, "ती माती हिकडं द्या. सीताफळाला चुना चालतोय. आमच्याकडं निस्त्या चुनखडीच्या माळावर येतंय ते."

बाबांनी मान वर केली नाही. पेपरची चारी टोकं धरून त्यांनी ती माती नीट उचलली आणि विहीणबाईंच्या पुढे ठेवली. सासूबाई खाली बसल्या. त्यांनी सिमेंटचे खडे तेवढे निवडून बाजूला काढले, तांदूळ निवडावेत तसे. निळे पोपडे काढले नाहीत. मोठ्या कुंडीत ती सगळी माती भरून त्यांनी सीताफळ त्यात लावलं. त्या दिवसापासून राख कुणी आणली नाही.

अनंताची जुनी पिवळी पानं पिवळीच राहिली आणि गळली. पण शेंड्याला जे नवं पान आलं ते हिरवं होतं. त्याच्यामागचं त्याहून हिरवं. बाबा आता सोफ्यावर मागे टेकून बसायचे. सासूबाईंशी भांडण मिरचीवरून चालू राहिलं, जास्वंदावरून राहिलं. संध्याकाळी दोघं ग्यालरीत बसून, कुणाच्या गावात माती कशी होती यावर वाद घालायचे, मी कांदा चिरता चिरता ऐकायचे. खारवटीतला तांबडा तांदूळ थोर की काळ्या रानातली ज्वारी, याचा निकाल कधी लागला नाही. तो लागू नये असंच मला वाटायचं.

इमारत झाली. बाबा अनंत घेऊन गेले, डबा पुन्हा कुणाच्या हातात न देता. त्यानंतर माझं घर मोठं वाटायला लागलं, आणि ते मला आवडलं नाही.

या वर्षी पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी दारावर बेल वाजली. बाबा उभे होते, धापा टाकत. हातात ओला रुमाल. तो त्यांनी उघडून माझ्या तळहातावर ठेवला. आत अनंताचं एक फूल होतं, पांढरंशुभ्र, कडांना जरासं चुरगळलेलं.

"पैला देवाला दिला," ते म्हणाले. "ह्यो दुसरा."

दुसरं फूल आईच्या अंबाड्यातलं.  माझे केस कापलेले, अंबाडा नाही, तरी ते मी कानामागे खोचलं.

बाबा बसले नाहीत. चपला काढून ते सरळ ग्यालरीत गेले. सासूबाई तिथं पाणी घालत होत्या. सीताफळ आता ग्रिलच्या वर डोकं काढायच्या बेतात होतं. पाण्याच्या धारेनं माती बाजूला झाली होती आणि एक निळा पोपडा वर आला होता. बाबा वाकून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला, पण गुडघे वाकेनात, बोटं पोचेनात.

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. "ऱ्हाऊ द्या, मी हाय न्हवं," त्या म्हणाल्या. त्यांनी तो पोपडा बोटानं परत मातीत दाबला आणि वरून मूठभर माती ओढली.